हिवाळ्यात मोजलेलं गाव

जेद्दाच्या अल अझीझियातून निघालो तेव्हा हनीफमामूंच्या पिकअपच्या हौद्यात नुसती रिकामी खोकी होती. बिस्किटांची, दुधाच्या डब्यांची, साबणाची, सगळी दोरीनं आवळलेली. मामूंचं डोंगरातलं दुकान त्यांत भरून आणायचं होतं. तेव्हा आधीच सांगून टाकते, मी सौदीला फिरायला गेले नव्हते. अम्मीनं धाडलं म्हणून गेले. "माझा भाऊ कायमचा परत येतोय. तीसेक वर्षांचा पसारा, त्यात तुझ्या मामीचे गुडघे गेलेले. इथं उन्हात पत्रकं वाटत फिरतेस, त्यापेक्षा जा आणि त्यांना आवरायला मदत कर."

पत्रकं कसली हे खाडीपट्ट्यातल्या वाचकांना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात. रायगडच्या किनाऱ्यावरचा आमचा बंदरमोहल्ला एका ग्रुप ग्रामपंचायतीत कोंबलेला आहे. पंचायतीची कचेरी डोंगरापलीकडे. पाण्याची तक्रार घेऊन रिक्षानं जायचं आणि ग्रामसेवक भेटला नाही म्हणून तसंच परत यायचं. आमची पंचायत वेगळी करा, म्हणून आम्ही पोरंपोरी भांडतोय. उत्तर काय मिळालं? तुमच्याकडे वस्तीच नाही! पाहणीला आले तेव्हा निम्म्या दारांना कुलपं होती म्हणे. अहो, असणारच. त्या कुलपांच्या किल्ल्या कुवेतला, दम्मामला, जेद्दाला आहेत. घरपट्टी घेताना ही घरं दिसतात, माणसं मोजताना दिसत नाहीत, हा कुठला न्याय?

असो. चिडायला पुढे भरपूर जागा आहे.

अझीझियात नाझनीनकडे, म्हणजे मामूंच्या लेकीकडे, एक मुक्काम झाला होता. तिनं कोळंबीचा पुलाव केला होता आणि मी आल्याबरोबर दटावलंही होतं. "हे बघ, तिथं जाऊन भाषण करायचं नाय. अब्बांना शेवटचे दिवस शांतपणे काढू दे." तिचा सहा वर्षांचा मुलगा माझ्याकडे निरखून बघत होता. "मम्मा, इज शी द प्रोटेस्ट आंटी?" म्हणजे माझी कीर्ती लाल समुद्रापर्यंत पोचली होती.

"यल्ला, चल, बस," मामू म्हणाले आणि आम्ही दक्षिणेला निघालो.

आता इथं नकाशा सांगितलाच पाहिजे, कारण तो बघून मी थक्क झाले. दक्षिणेकडे तोंड करा. उजव्या हाताला समुद्र. डाव्या हाताला उभी डोंगररांग. मध्ये सखल, दमट, उकाड्याची पट्टी. तिला तिहामा (डोंगर आणि समुद्र यांच्यामधला सखल प्रदेश) म्हणतात. डोंगर चढून गेलं की वर थंडगार माथा, त्याला सरात म्हणतात. म्हणजे हे कोकण, तो सह्याद्री आणि वरचा तो देश! फक्त आपल्याकडचं हिरवं सगळं कुणीतरी पुसून टाकलंय आणि तिथं उंट सोडलेत.

"मामू, तुम्ही घरून निघून घरीच आलात की," मी म्हटलं.

"पाऊस इसरलीस," मामू म्हणाले. "पाऊस असता तर मी कवाच परत गेलो नसतो."

वाटेत एका पंपावर थांबून मलबारी माणसाच्या हातचा करक (दुधात खूप उकळलेला कडक) चहा घेतला. मग अकबा (घाट) सुरू झाला. एका बोगद्यातून बाहेर पडावं तर दुसरा समोर. मधल्या उजेडात खाली बघितलं की आपण मघाशी जिथून आलो तो रस्ता दोरीसारखा पडलेला. कान बंद झाले. एका वळणावर मामूंनी मला हवा खायला उतरवलं आणि तिथं माझा पहिला अपघात झाला. कठड्यावर माकडांची टोळी बसली होती. आपल्याकडची सडपातळ वानरं नव्हेत. आयाळ असलेली, कुत्र्याच्या तोंडाची, पैलवान माकडं. त्यांतल्या म्होरक्यानं खिडकीतून हात घालून अम्मीनं मामूंसाठी दिलेल्या फणसपोळीचा पुडा उचलला. मी ओरडले. त्यानं माझ्याकडे बघत बघत एकेक पापुद्रा सोडवला आणि चवीनं खाल्ला.

"त्याला काय कळतंय फणस!" मी तणतणले.

"कळलं की. बघ कसा डोळं मिटून खातोय. रत्नांग्रीचा असंल." मामू हसत होते, पण पुडा त्यांचा होता. पुढे दोन वळणं ते आरशातून मागं त्या कठड्याकडे बघत होते.

घाट संपला आणि एकदम गार वारा लागला. अरअरची (सुरूच्या जातीची, सुगंधी लाकडाची) काळपट झाडं, दगडी बांधांची पायरीशेती, डाळिंबांनी वाकलेल्या फांद्या. आणि कड्याच्या अगदी ओठावर अल्-लौझा. लौझ म्हणजे बदाम. एकावर एक रचलेल्या काळ्या दगडांची दुमजली घरं, भिंतींच्या वरच्या कडेला पांढऱ्या गारगोट्यांची नक्षी, मधोमध एक उंच टेहळणीचा बुरूज. गावाच्या शेवटच्या घरापुढे अंगण आहे आणि अंगणापुढे काहीच नाही. खोल खाली, धुक्यातून, हिरवा ठिपका दिसतो. तेही अल्-लौझाच. खालची वाडी.

उन्हाळ्यात गाव वर राहतं, थंडी पडली की सगळं गाव खाली उतरतं. पूर्वी गुरंढोरं, कोंबड्या, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन पायवाटेनं, आता गाड्यांतून. माणसं तीच, फक्त ऋतूप्रमाणे घर बदलणारी. पण कागदावर कड्याची धार हीच हद्द आहे. वरचं घर एका मुहाफज्यात (तालुक्यासारखा विभाग), खालचं घर दुसऱ्यात. एकाच बाईचं डाळिंब एका तालुक्यात पिकतं आणि केळं दुसऱ्यात.

आम्ही पोचलो तेव्हा उतरण्याचे दिवस जवळ आले होते. जेद्दा-रियाधहून उन्हाळा काढायला आलेली कुटुंबं परतली होती. दाराला कुलूप, दाराला कुलूप, दाराला कुलूप, आणि मग गल्लीच्या टोकाला एक उघडं शटर. हनीफमामूंचं बकाला (किराणा दुकान). झुलेखामामी दारातच उभ्या होत्या.

"आलीस गो! किती सुकलीस. तिकडं उपोषणाला बसतेस का काय?"

दुकानाच्या मागं दोन खोल्या. मामू आधी एकटे होते. नाझनीनचं लग्न झाल्यावर मामी येऊन राहिल्या. त्या संध्याकाळी तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाताना मी मामूंना विचारलं, "तुम्हाला खरंच जायचंय?"

मामूंनी सरळ उत्तर दिलं नाही. या जागेची मालकीण आणि मामूंची कफील (जिच्या नावावर त्यांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आहे ती) उम्म सालेह. म्हणजे सालेहची आई. तिचा नवरा गेला तेव्हापासून सगळं तिच्याकडे. सालेह जेद्दाला असतो. त्याला ही गल्ली दुरुस्त करून पाहुण्यांसाठी निवासाच्या खोल्या काढायच्या आहेत. "मला म्हणाला, चाचा, आता आराम करा. त्याचा मतलब काय तो मी समजलो. आपुन कशाला कुणाला अडचण व्हा? मीच खुरूज निहाई (कायमचं देश सोडण्याची परवानगी) मागितली. त्यानं मुकाट लगेच कागदं चालू केली. खलास."

"तुम्ही विचारलं का त्याला, दुकान ठेवू का म्हणून?"

"तीस वर्षं यांचं मीठ खाल्लं. असं विचारतात का?"

मी भाकरीकडे वळले. भाषण करायचं नाही म्हणून नाझनीननं दटावलं होतं ना! पण मनात हिशेब मांडला गेला होता. दुकान बंद झालं की थंडीत या गावात एकही दार उघडं राहणार नाही. आणि एकही दार उघडं नसलं की गावाचं काय होतं, ते मला बंदरमोहल्ल्यानं शिकवलंय.

दुसऱ्या दिवशी मामी मला खालच्या वाडीत घेऊन गेल्या. मामूंनी वळणावळणांच्या रस्त्यानं सोडलं. खाली उतरलो आणि मी दचकलेच. डोंगराच्या पोटातून बारमाही झरा, पाटाचं पाणी, केळीची बाग आणि पाटाकडेला केवडा! इथं त्याला कादी म्हणतात. बायका केसांत घालतात, कपड्यांत ठेवतात. मामींनी एक पात हातात घेऊन डोळे मिटले.

"गणपतीत आपल्या बाजूच्या आगरी बायका आमच्या परसातला केवडा न्यायला यायच्या, आठवतंय तुला? आता परसात काय असंल, अल्लाला ठाऊक. घर बांधलं, रंग दिला, कुलूप लावलं. एक पावसाळा त्या घरात झोपले नाय मी. तुझ्या मामूंना दुकानाचं दुःख हाय, मला दिसतं. पण मी खोटं कशाला बोलू? मला जायचंय. सामान बांधताना माझे गुडघे दुखत नाय, बघ."

झऱ्याकाठच्या दगडावर बसून आम्ही बराच वेळ पाय पाण्यात सोडले. आपण ज्याच्या बाजूनं भांडायचं ठरवतो त्याच्या घरातच दुसरी बाजू बसलेली असते, हे पत्रकात कुठं लिहायचं?

निरोपाचं जेवण उम्म सालेहच्या घरी होतं. सालेह मुद्दाम जेद्दाहून आला होता. चाळिशीचा, हसरा माणूस. दारातच म्हणाला, "आओ बेहन, कैसा हाय? रस्ते में माकड ने लुटा ना? आयला, वो माकड बहोत हरामी हाय!" मी बघतच राहिले. लहानपणी शाळा सुटली की हा मामूंच्या दुकानात बसायचा. त्यांची हिंदी शिकला आणि हिंदीच्या पदराखालचं कोकणही.

जेवण म्हणजे काय, तापल्या दगडावर भाजलेली जाडजूड रोटी, असीदा (कणकेची घट्ट उकड) मधोमध खळगा करून त्यात तूप आणि डोंगरातला मध, आणि मटणाचा रस्सा. बोटांनी खायचं. मी एवढं खाल्लं की उपोषणाची शंका कायमची मिटली. नंतर पुरुष बाहेरच्या खोलीत गेले, आम्ही बायका आत. मधलं दार उघडंच होतं. आतल्या खोलीच्या मधोमध कोरीव लाकडी खांब. त्याला टेकून उम्म सालेह बसली. सुरकुतलेली, ताठ, डोळ्यांत मिश्कील चमक. तिनं स्वतः दल्ल्यातून (चोचीच्या किटलीतून) वेलचीची पिवळी कॉफी ओतली, फिंजानात (बिनकानाच्या इवल्या पेल्यात). मामी तिचं अरबी मराठीत आणि माझं मराठी अरबीत करत होत्या.

मी गावाबद्दल विचारलं आणि म्हातारी खुलली.

"आमच्यात बुधवारचा बाजार भरायचा. ज्या गावाचा बाजार, त्या गावाचा शब्द चालायचा. बाजाराच्या दिवशी कुणी कुणावर हात उगारायचा नाही. एकमेकांच्या रक्ताचे तहानलेलेसुद्धा शेजारी बसून मीठ विकायचे. मग सरकार आलं. जिथं बाजार तिथं मरकझ (महसुली मंडळासारखी कचेरी). कुठं होतं विचार. तू बसलीस ना, तिथंच कारकुनाचं टेबल होतं. माझ्या सासऱ्यांनी ही खोली दिली. आजूबाजूची गावं इथं यायची. जन्म इथं लिहिला जायचा, भांडणं इथं मिटायची. हनीफचं दुकान त्याच गर्दीवर उभं राहिलं."

"मग गेलं कुठं मरकझ?"

"डांबरी रस्ता आला, तो आमच्यापासून लांब, फाट्यावरून गेला. पण त्यानं गेलं नाही. मोजणीवाले आले, त्यानं गेलं. आले ते ऐन थंडीत! आम्ही सगळे खाली. त्यांनी बंद दारं बघितली आणि लिहिलं, वस्ती नाही. खालच्या मुहाफज्याचे मोजणीवाले खाली आमच्याकडे आले. त्यांनी विचारलं, तुम्ही कुठले? आमच्या लोकांनी छाती काढून सांगितलं, आम्ही वरचे!" म्हातारी स्वतःच हसायला लागली. "मग त्यांनीही सोडून दिलं. वर नाही, खाली नाही. कचेरी फाट्यावर गेली आणि आम्ही शेजारच्या गावाला जोडले गेलो. आता आमच्या कागदावर त्यांचं नाव असतं."

"वर कुणीच नव्हतं?"

"होता ना. हनीफ. शटर उघडं होतं. मोजणीवाल्यांनी त्याच्याकडे चहा घेतला, बिस्किटं घेतली. पण त्याला कशात धरणार? तो बाहेरचा."

बस्स. नाझनीन, माफ कर. माझ्या डोक्यात ठिणगी पडली. भाषण करताना मला दोन्ही हात लागतात. कॉफीनं भरलेला फिंजान मी समोरच्या गालिच्यावर ठेवला आणि सुरू झाले. "हेच! हेच आमच्याकडे झालं! मोजायचं तेव्हा बघायचं नाही, आणि बघायचं तेव्हा..."

खोलीत काहीतरी बदललं. उम्म सालेह सरळ होऊन बसली. तिची नजर माझ्याकडे नव्हती, फिंजानाकडे होती. बाहेरच्या खोलीतलं बोलणंही थांबलं.

"वेश तबीन?" ती शांतपणे म्हणाली. तुला काय हवंय?

"उचल गो!" मामी माझ्या कानात पुटपुटल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "पेला उचल आन् पी! न पिता खाली ठेवला म्हणजे मागणं घातलंस तू! जवर यजमान हो बोलत नाय तवर पाहुणा पीत नाय. आन् यजमान नाय बोलला म्हणजे घराण्याची इज्जत गेली!"

"मला काय माहीत!"

"तिला ठाऊक हाय तुला माहीत नाय. उचल, ती माफ करंल."

हात फिंजानापर्यंत गेला. खरंच गेला. पण पत्रकं वाटता वाटता एक गोष्ट अंगात भिनते: सहा महिने अर्ज करून जो साहेब भेटत नाही तो चुकून लिफ्टमध्ये सापडला, तर दार उघडेपर्यंत बोलून घ्यायचं. मी हात मागे घेतला.

"मामी, सांगा त्यांना. मामूंचं दुकान बंद करू नका."

मामी माझ्याकडे बघत राहिल्या. केवड्याची पात हातात धरून काल जे बोलल्या ते मी विसरले नव्हते. पण तोंडातून शब्द गेला होता आणि तो पुढे न्यायचा तो त्यांनीच.

दाराच्या पलीकडून सालेहचा आवाज आला. तो उंबऱ्याबाहेरच थांबला होता. "चाची, बोलो ना. नहीं तो मैं बोलेगा."

"मला जीभ हाय," मामी म्हणाल्या. आणि त्यांनी सांगितलं. शब्दाला शब्द, मान खाली घालून.

उम्म सालेहचं उत्तर मामींनी अडखळत माझ्यापर्यंत आणलं. "बंद मी केलं? जाण्याची परवानगी हनीफनं मागितली. मी म्हटलं, माणूस दमला, त्याला घर आठवतं. तीस वर्षं त्यानं माझ्या दारात काढली. अजून राहा म्हणायला मला लाज नको वाटायला?"

"मी मागितली," बाहेरून मामू घोगऱ्या आवाजात म्हणाले, "कारण सालेह बोलला आराम करा."

"मैं बोला क्यूं कि चाचा का मुंह उतरा हुआ था!" सालेह जवळजवळ ओरडला. "मेरे को लगा घर जाने का हाय, मां को बोल नहीं सकता. अरे, कमरे में टूरिस्ट आएगा तो पानी की बाटली कौन देगा? माकड?"

कुणी हसलं नाही. तीस वर्षं एकमेकांचं मन राखणाऱ्या लोकांनी मन राखता राखता गावाचं शेवटचं शटर ओढत आणलं होतं. उम्म सालेहनं माझ्याकडे बघून मान हलवली. "इश्रबी कहवतिक." पी तुझी कॉफी. म्हणजे मिळालं.

मी फिंजान उचलला. थंडगार कॉफी एका घोटात घेतली. जिंकले होते, आणि मामींच्या तोंडाकडे बघायची हिंमत होत नव्हती.

तेव्हा किणकिण आवाज झाला. मामींनी स्वतःचा भरलेला फिंजान गालिच्यावर ठेवला होता. ठेवताना खजुराच्या बशीला लागला असावा.

म्हातारीनं भुवया वर केल्या.

मामी आधी अरबीत बोलल्या, मग माझ्यासाठी मराठीत, आणि दुसऱ्यांदा बोलताना त्यांचा आवाज मोकळा झाला. "सगळी एकमेकांचं मन राखत बसलाय. माझं कुणी विचारलं? दुकान राहू दे, मला वाईट नाय वाटणार. पण माझं घर तिकडं कुलपात हाय. गाव खाली उतरतं तवा आम्हीसुद्धा उतरू, आमच्या गावाला. दर सालाला. थंडी सरली की परत वर. खुरूज निहाई नको, खुरूज-औदा (जाऊन परत येण्याची परवानगी) द्या. तुम्हाला दोन घरं चालतात, तर मला का नाय?"

"झुलेखा!" बाहेरून मामू.

"तुम्ही गप बसा. माझा पेला खाली हाय."

पण भांडणारं डोकं काही गप्प बसत नाही. मी हळूच म्हटलं, "मामी, पण मग थंडीत शटर कोण उघडणार? पुन्हा मोजायला आले तर..."

मामींनी हे सांगितलं की म्हातारीला आपोआप कळलं, कोण जाणे. तिनं खांबाला हात लावला. मग दल्ला उचलून तिनं स्वतःसाठी फिंजान भरला, आणि दारापर्यंत सरकत जाऊन तो न पिता ठेवला. मधल्या दाराच्या उंबऱ्यावर. लेकासमोर.

"मां," सालेह म्हणाला, "ये नहीं."

ती बोलली ते सालेहनंच मला हिंदीत सांगितलं, कारण मामी रडत होत्या. आई म्हणते, मला दर थंडीत उचलून जेद्दाच्या फ्लॅटमध्ये नेऊन ठेवता. लिफ्ट, टीव्ही आणि औषधाची वेळ. यंदापासून मी वर राहणार. हनीफच्या दुकानात शेगडी घेऊन बसणार. कुणी मोजायला आलं तर त्यांना मला मोजू दे.

"ठंडी में मर जाएगी," सालेह म्हणाला. म्हातारीनं फिंजानाकडे बोट दाखवलं. तो उंबऱ्याशी उकिडवा बसला, डोकं धरून. पाहुण्याला नाही म्हणता येत नाही, तर आईला कसं म्हणणार? शेवटी त्यानं फिंजान उचलून दोन्ही हातांनी आईच्या ओठांशी नेला.

"आयला," तो म्हणाला. बाहेर मामू हसले, तेव्हा कुठं सगळेच हसले. म्हातारीनं गालिच्यावरचा मामींचा फिंजान उचलून त्यांच्या हातात दिला.

पुढचे दिवस आम्ही सामान बांधण्याऐवजी फळ्या लावल्या. तांदळाची पोती खाली आणली, म्हातारीच्या हाताला पुरेल अशी. मामू प्रत्येक वस्तू तिला दाखवत होते आणि ती त्यांना झिडकारत होती. धुकं कड्यावरून वर येऊन थेट दुकानात शिरायचं आणि बिस्किटांच्या पुड्यांवर बसायचं. मला ते गाव सोडवेना.

परत एकटीच आले. अम्मी विमानतळावर माझ्या पाठीमागं बघत राहिली, भाऊ कुठं दिसतो का म्हणून. "येणारेत," मी म्हटलं, "पण कायमचे नाही." मग म्हणाली, "तुला आवरायला पाठवलं होतं ना?"

कुणी विचारेल, मिळवलंस काय? मरकझ अल्-लौझात परत आलेलं नाही आणि येईल असं मला वाटत नाही. कागदावर अजून शेजारच्या गावाचंच नाव आहे, आणि मामू अजूनही तिथं कुणाच्या मोजणीत नाहीत. त्याचा राग माझ्या पोटात आहे तसाच आहे, आणि तो मी कुठल्याही पाहुणचाराच्या बदल्यात सोडणार नाही. पण हद्दी आणि मोजण्या वरून ठरतात, म्हणून बोट दाखवून मोकळं व्हायची जी सवय मला लागली होती, ती तिथं थोडी मोडली. तोंड उघडून एकमेकांना विचारायचं राहून गेल्यानंही गावं बंद पडतात. ते काम कुठल्या साहेबाचं नव्हतं.

पौष लागला तशी आमच्यापासून दोन घरं सोडून असलेल्या मामूंच्या घराची खिडकी उघडली. मामी परसात विळा घेऊन उतरल्या आहेत; वाढलेलं रान तोडताना गुडघ्यांचं नाव काढत नाहीत. मामू मात्र पडवीत येरझाऱ्या घालतात. रोज सकाळी चहा झाला की तिकडे फोन. शेगडी पेटवली का, गॅसची टाकी कडेला ठेवली का, पुढच्या फळीवरचं दूध आधी काढ. परवा मी तिथंच बसले होते. पलीकडून म्हातारीचा करडा आवाज आला, काहीतरी थोडकंच बोलली, आणि फोन बंद झाला.

"काय म्हणाली?"

"बोलते, फोन ठेव, गिऱ्हाईक आलंय." मामू हातातल्या फोनकडे बघत राहिले. "आत्ता थंडीत तिथं गिऱ्हाईक कुठलं? सगळं गाव तर खाली हाय."

मामींनी परसातूनच उत्तर दिलं. "असंल कुणीतरी. उघडं दिसलं की येतं माणूस."